पिस्तूल घ्यायचं म्हणता, पण कुठल्या रात्रीसाठी?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी या वाचकाचं कृषी सेवा केंद्र आहे. वय त्रेचाळीस. राहायला गावापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर, शेतातल्या वस्तीवर. घरात पत्नी, आई, पंधरा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. शेजारच्याच घरात धाकटा भाऊ राहतो. त्याच्याशी बांधावरून आणि विहिरीच्या पाळीवरून वाद आहे, शिवाय तो ‘अधूनमधून घेतो’. दोन महिन्यांपूर्वी जवळच्या एका वस्तीवर दरोडा पडला, म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाली, दागिने गेले. त्यानंतर दुकान बंद करून रोकड घेऊन घरी येताना एक मोटारसायकल दोनदा मागे लागल्याचं या वाचकाला जाणवलं. आता त्यांना पिस्तूल घ्यायचं आहे. परवाना कसा मिळतो, रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, ‘रात्री घरात शिरलेल्याला गोळी घातली तर कायदा काही करत नाही’ हे खरं का, असे त्यांचे प्रश्न आहेत. एक मित्र म्हणतो, परवान्याच्या भानगडीत पडू नकोस, सामान मी आणून देतो. पत्नीचा सगळ्यालाच विरोध आहे. तिला कसं पटवावं, हेही त्यांनी विचारलं आहे.

आधी मित्राचं बघू. त्याला आजच नाही म्हणा, आणि पुन्हा विषय काढला तर तिथून उठून या. तो ज्याला ‘सामान’ म्हणतो ते म्हणजे गावठी कट्टा किंवा देशी बनावटीचं पिस्तूल. सातपुड्याच्या कुशीतल्या उमर्टीचं नाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. पुण्यापासून नाशिकपर्यंत पकडलेल्या हत्यारांचा माग काढत पोलीस वर्षानुवर्षं त्या भागात पोहोचतात. असं हत्यार नुसतं जवळ सापडलं, एकही गोळी झाडलेली नसली, तरी शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती एक ते तीन वर्षं होती. शिवाय त्या कट्ट्यातून तुमच्याआधी कुणी कुणावर गोळी झाडली आहे, हे तुमच्या मित्रालाही ठाऊक नसतं. ते प्रयोगशाळेत कळतं, आणि तेव्हा हत्यार तुमच्या घरातून निघालेलं असतं. उद्या खरोखर जिवावर बेतलं आणि तुम्ही त्याच कट्ट्याने जीव वाचवलात, तर स्वसंरक्षणाचा बचाव तुम्हाला कदाचित मिळेलही, पण बेकायदा हत्यार बाळगल्याचा खटला वेगळा उभा राहील आणि त्याला उत्तर नसेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही ‘जिवाला धोका आहे’ असं एका वाक्यात लिहिलंय, पण पत्र नीट वाचलं तर त्यात दोन वेगळ्या भीती आहेत. एक रस्त्यावरची, संध्याकाळी आठची, रोकड सोबत असतानाची. दुसरी वस्तीवरची, रात्री दोनची, घरच्यांसोबतची. या दोन्हींचं उत्तर एकच पिस्तूल आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही.

रस्त्याचं आधी घेऊ. आपल्याकडे रोकड लुटतात ती कशी? मागून किंवा बाजूने दोघे मोटारसायकलवर येतात, लाथ मारून गाडी पाडतात, डोळ्यांत मिरचीपूड टाकतात, पिशवी ओढतात. तुम्ही स्वतः मोटारसायकलवर, हात हँडलवर, डोक्यात हेल्मेट, पिस्तूल शर्टाखाली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात आणि पूर्ण झाकलेलंच न्यावं लागतं, त्यामुळे उघडं लावून फिरण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८० च्या दशकात एक साधा हिशेब मांडला होता, तो आजही शिकवतात: सुराधारी माणूस एकवीस फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातून हत्यार काढून नेम धरायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुमच्यावर येणारा एकवीस फुटांवर नसेल, हातभर अंतरावर असेल. गाडीसकट पडलेल्या, डोळे चुरचुरत असलेल्या माणसाच्या कमरेचं पिस्तूल पहिल्यांदा कुणाच्या हातात जाईल, याचा विचार करा. पिशवीबरोबर तेही जाईल, आणि मग तुमच्या परवान्यावरचं हत्यार चोरांच्या टोळीत फिरेल.

रस्त्यावरची भीती खरी आहे, पण ती रोकडीची आहे. म्हणून रोकडच कमी करा. तुमच्या धंद्यात उधारी असते आणि उसाचं बिल आलं किंवा कापूस विकला गेला की लोक एकदम पैसे आणून देतात, हे मला माहीत आहे. त्या आठवड्यांत मोठी वसुली खात्यावर घ्या, काउंटरवर क्यूआर कोड ठळक लावा, जमलेली रोकड दुपारीच बँकेत किंवा पैसे भरण्याच्या मशीनमध्ये भरा. संध्याकाळच्या गल्ल्यात फारसं काही नसतं, हे गावाला कळू द्या. मुद्दाम कळू द्या. निघायची वेळ आणि रस्ता बदलत ठेवा, शेवटचा कच्चा टप्पा कुणाच्या तरी सोबतीने करा. दुकानदारांसाठीच्या विमा पॉलिसीत वाहतुकीतल्या रोकडीचं संरक्षण जोडून मिळतं. तुमच्या एजंटाने ते सांगितलं नसेल तर विचारा. हे सगळं केल्यावर कमरेला पिस्तूल लावून मोटारसायकल चालवण्याचं कारण फारसं उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वस्तीची गोष्ट वेगळी, आणि तिथे तुमच्याशी मी इतकं भांडणार नाही. शेतात एकटं घर, पोलीस ठाणं लांब, आई म्हातारी. तिथे ‘पोलीस आहेत ना’ म्हणणं शहरात बसून सोपं आहे.

कायदा काय देतो ते आधी बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाची कलमं पूर्वी दंड संहितेत ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ अशी आहेत. आशय जवळपास तोच. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला असं काही होत असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याचा हक्क कलम ३८ देतं. मालमत्तेसाठीचा हक्क कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घुसखोरी जिच्यात आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल असं रास्तपणे वाटावं. तेव्हा तुम्ही विचारलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते वाक्य हवेतून आलेलं नाही. फक्त त्याचा पुढचा भाग कुणी पुढे पाठवत नाही.

तो पुढचा भाग कलम ३७ मध्ये आहे. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. मग हा हक्क कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हेही ठरलेलं आहे. घरफोडी चालू आहे तोवर हक्क आहे. चोर कुंपणावरून उडी मारून कपाशीत पळाला, त्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर तुम्ही बचाव करत नव्हता. गोठ्याचं दार वाजलं म्हणून अंधारात झाडलीत आणि तिथे पाळी बघायला आलेला सालगडी निघाला, तर ‘मला वाटलं चोर आहे’ या वाक्यावर तुमचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं राहील. हद्द ओलांडली, पण प्रामाणिकपणे आणि सूडबुद्धी नसताना ओलांडली, असं ठरलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होतो. शिक्षा तीही आहेच.

‘कायदा काही करत नाही’ म्हणणाऱ्यांना एक प्रकरण सांगा. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य. शेतातला वाद, १९९१ ची घटना, गोळी लागून माणूस गेला. खालच्या कोर्टाने आरोपीला सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वसंरक्षण मान्य करून निर्दोष ठरवलं. निकाल वाचण्यासारखा आहे. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रतिकार तोलूनमापून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वकील म्हणून मी तो आनंदाने वापरला असता. पण तारखा पुन्हा बघा. मधली एकोणीस वर्षं तो माणूस आरोपी होता. त्याचा बचाव खरा होता, तरीही.

म्हणजे गोळी झाडली तर काय होतं याची आधीच कल्पना असू द्या. गुन्हा नोंदवला जाईल, बहुधा अटक होईल, बंदूक मुद्देमाल म्हणून जप्त होऊन तपासणीला जाईल, परवाना निलंबित होईल. बचावासाठी केलं हे दाखवण्याची जबाबदारी नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर असेल. ते संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तसं घडल्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरतं, एवढीच सवलत. म्हणून त्या वेळी करायच्या गोष्टी आजच डोक्यात बसवा: ११२ ला फोन, जखमी चोर असला तरी त्याच्यासाठी रुग्णवाहिका, हत्यार खाली ठेवून द्यायचं, काहीही हलवायचं नाही, रक्त पुसायचं नाही, दाराची तुटलेली कडी तशीच राहू द्यायची. पोलिसांना हल्ला झाला, कुठून झाला, किती जण होते, कोण पाहत होतं हे सांगा. सविस्तर जबाब वकिलाशी बोलून. आणि जमलेल्या गावकऱ्यांसमोर फुशारकी नाही. ‘बरं केलं, दाखवला हिसका’ असं रागाच्या भरात बोललेलं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये राहतं आणि कोर्टात वाजतं.

हे वाचून काही जण कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा विचार करतील. डुकरांसाठी सोडलेला असतोच, चोरांनाही चालेल म्हणून. तसं करू नका. तार चोर ओळखत नाही. पाणी द्यायला गेलेले मजूर, शेजारी, घरचीच मुलं तिला चिकटून गेली आहेत, आणि शेतमालक सदोष मनुष्यवधात आत गेले आहेत.

आता तुम्ही पत्रात जे एका ओळीत उरकलंय तिथे मला थांबायचंय. भाऊ. ‘अधूनमधून घेतो’ आणि बांधाचा वाद आहे. दरोडेखोर तुमच्या वस्तीवर येतील की नाही, मला सांगता येणार नाही. बहुधा येणार नाहीत. भाऊ मात्र रोज पन्नास पावलांवर आहे. पाळीवरून आवाज चढतो, त्याच्या हातात कुऱ्हाड, तुमच्या कपाटात भरलेलं पिस्तूल. फौजदारी कोर्टात जी वर्षं काढली त्यात बंदुकीचे जे खटले माझ्यासमोर आले, त्यांत अनोळखी चोर क्वचित असायचा. बहुतेक वेळा मयत आणि आरोपीचं आडनाव एकच. म्हणून अर्ज करण्याआधी बांधाची मोजणी मागा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या, पाळीचं ठरलेलं कागदावर आणा, गावातल्या दोन जुन्या माणसांच्या सह्या घ्या. हा तुमच्या सुरक्षेचा खर्च आहे, आणि पिस्तुलाहून स्वस्त आहे. परवान्याच्या चौकशीतही पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारणा करतात, आणि घरातला चालू वाद तिथे अडचण बनून उभा राहतोच.

दुसरं विचारते, रागावू नका. तुमची स्वतःची झोप कशी आहे? दरोड्यानंतर दचकून उठताय का, हंगामातली उधारी अडकली आहे का, मनात नको ते विचार येतात का? घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण सोपं आहे: वाईट घटका टळून जाते, पण बंदूक हाताशी असेल तर टळायला वेळच मिळत नाही. तुम्ही कीटकनाशकं विकता. हाताशी असणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही हाच विचार करा. दहावीचा निकाल, कुणाशी तरी बिनसलेलं, कपाटाची चावी कुठे असते हे त्याला पक्कं ठाऊक.

इतकं सगळं तपासून, ग्राम सुरक्षा दल किंवा ग्राम सुरक्षा यंत्रणा तुमच्याकडे चालू असेल तर तिथे नाव नोंदवून, आजूबाजूच्या चार वस्त्यांचे नंबर एकत्र करून, सौरदिवे लावून, मागच्या दाराची कडी बदलून, चांगली दोन कुत्री पाळून, तरीही बंदूक हवी वाटली, तर जरूर अर्ज करा. तो तुमचा मार्ग आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पिस्तुलासाठीच करावा का, ते बघू.

इथे कायद्यातली एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ दोन प्रकारच्या अर्जांत फरक करतं. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, किंवा पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर नाकारण्याचं ठोस कारण नसताना परवाना द्यावा, असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र ‘योग्य कारण’ आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. हातात मावणारं, खिशात लपणारं हत्यार कायद्याला जास्त खुपतं, आणि ते बरोबरच आहे. वस्तीवरच्या घरासाठी बारा बोअर दुनळी तुमच्या गरजेला जास्त जवळची आहे. ती कमरेला लागत नाही, दुकानात जात नाही, मित्रांना दाखवायला खिशातून निघत नाही. अंधारात दारातून नुसती दिसली तरी पुष्कळदा काम होतं. ‘रिव्हॉल्व्हर की पिस्तूल’ या प्रश्नाचं माझं उत्तर, दोन्ही नको.

तरीही तेच हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा: सामान्य नागरिकाला मिळतं ते बत्तीस बोअर वगैरे, नऊ मिलिमीटर प्रतिबंधित गटात येतं. कानपूरच्या आयुध निर्माणीचं ‘निर्भीक’ हे हलकं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. स्वस्त प्रकरण नाही. क्वचित हाताळणाऱ्याला रिव्हॉल्व्हर समजायला सोपं; गोळ्या आहेत की नाहीत ते चक्र उघडलं की दिसतं. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, आणि ‘रिकामंच आहे’ म्हणत झालेले अपघात बहुतेक त्या एका गोळीचे असतात.

अर्ज तुमच्या भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे जातो. तो ऑनलाइन भरून कागद जोडायचे: ओळख, रहिवास, वय (किमान २१), शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पोलिसांच्या अहवालाला नियमांत तीस दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात, तेव्हा पोहोच-पावत्या जपा आणि पाठपुरावा लेखी करा. पुढाऱ्याच्या शिफारसपत्रावर फार भिस्त ठेवू नका. गरज कागदावर दिसली पाहिजे: दुकानाचा परवाना, उलाढालीची विवरणपत्रं, शेजारच्या दरोड्याच्या गुन्ह्याचा क्रमांक, वस्ती किती आडबाजूला आहे त्याचा नकाशा, आधी दिलेल्या तक्रारींच्या प्रती. नाकारला तर कारणं लेखी मागण्याचा हक्क आहे आणि कलम १८ खाली अपील आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ते विभागीय आयुक्तांकडे चालतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यातच लिहिलंय. गरीब वाचकांनी ते लक्षात ठेवावं.

परवाना मिळाला की खरा जाच सुरू होतो. तो पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाची तारीख चुकली की घरातलं तेच हत्यार बेकायदा. एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची, कुठल्या जिल्ह्यापर्यंत न्यायचं, हे परवान्यावर असतं. गोव्याला लग्नाला जाताना गाडीत टाकून नेलं असं चालत नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे नेता येत नाही. वरातीत हवेत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि निवडणुका! आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते आणि कित्येकांची हत्यारं मतमोजणी होईपर्यंत ठाण्यात जमा होतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं बघत गेलात तर तुमचं ‘चोवीस तासांचं संरक्षण’ किती दिवस मालखान्यात असेल, याचा हिशेब मांडा.

परवाना तुमच्या नावाचा. तुम्ही दुकानात आणि दरोडेखोर दुपारी वस्तीवर, तर पत्नीला त्याचा काय उपयोग? तिने वापरावं असं वाटत असेल तर तिचा वेगळा परवाना, वेगळं प्रशिक्षण. कुणाच्याही हातात द्यायचं, मग ‘गैरवापर त्याने केला’ म्हणायचं, हे चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. अंगरक्षकाला अटक झाली.

बीडचं तर ताजंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं, छाननी झाली आणि शंभराहून जास्त रद्द झाले. कमरेला लावून रील काढणारे, गुन्हे दाखल असणारे, यांच्यामुळे आता तुमच्यासारख्या खऱ्या गरजवंताच्या अर्जाकडेही संशयाने बघितलं जाणार.

ठेवायचं कसं, तर कपाटात कपड्यांखाली नव्हे. भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात. अभिनेते गोविंदा यांच्या पायात १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. भरलेलं हत्यार पडतं तेव्हा ते कुणाचं आहे हे बघत नाही. आणि तुमच्या घराच्या अर्ध्या भिंती पत्र्याच्या आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. गोळी पत्र्यात थांबत नाही. पलीकडे आई झोपते.

सराव हवाच. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे, अनेक जिल्ह्यांत रायफल क्लब आहेत. आधी दहा मीटरच्या एअर पिस्तुलावर हात बसवा, त्याला परवाना लागत नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या महाराष्ट्रात शिकवणारे मिळत नाहीत, असं होणार नाही. मुलालाही घेऊन जा. कुतूहल घरच्या पेटीपेक्षा रेंजवर भागलेलं बरं.

राहिली पत्नी. तिला ‘पटवू’ नका. तिने विरोध का केला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलंच नसावं. बहुधा तिला भाऊ दिसतोय, मुलगा दिसतोय, तुमचा राग दिसतोय. तिच्यासोबत बसून हे उत्तर वाचा, रेंजवर तिलाही न्या, आणि तिने शेवटीही नको म्हटलं तर अर्ज करू नका. ज्या घरात बंदुकीवर एकमत नाही, तिथे पेटीची चावी हाच रोजचा वाद होतो.

दरम्यान, मागे लागलेल्या मोटारसायकलची तक्रार तुम्ही अजून दिलेली दिसत नाही. गाडीचा रंग, वेळ, कुठल्या फाट्यापासून कुठपर्यंत, आठवेल तेवढं लिहून या आठवड्यातच ठाण्यात द्या आणि पोहोच घ्या. बीट अंमलदाराचा नंबरही तेव्हाच मागून घ्या. पुढे अर्ज केलात तर त्याला हाच पहिला कागद लागेल, आणि नाही केलात तरी वस्तीकडच्या रस्त्यावर रात्रीची गस्त मागायला तो पुरेसा आहे.